कोल्हापूर ते सावंतवाडी : पाण्याच्या मागावर एक दिवस

पावसाळी सहलीच्या बसवर मी मार्गदर्शक म्हणून काम करते. पहाटे कोल्हापूरहून निघायचं, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी ही सह्याद्रीच्या जंगलालगतची तीन गावं आणि वाटेतले धबधबे बघायचे, रात्री घरी परतायचं, असा हा एका दिवसाचा दौरा. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता होतो. त्यातला घाट थोडाच, पण सगळ्या दिवसाची आखणी त्या घाटावर ठरते.

लोक धबधब्यात भिजायला येतात आणि भिजून खूश होतात. मला त्यांना आणखी एक गोष्ट दाखवायची असते. ज्या पाण्यात आपण भिजलो ते कुठून आलं आणि कुठे निघालंय? म्हणून आमची बस आधी नदीकाठी थांबते, मग नदीच्या उगमाशी, मग कड्यावर. भिजायचा धबधबा येतो जेवणानंतर. श्रावणातल्या एका गुरुवारचा हा दिनक्रम.

पहाटे ४.००

उठल्या उठल्या पहिलं काम म्हणजे हवामान खात्याचा इशारा बघणं. कोल्हापुरात काय पडतंय याला फारसा अर्थ नसतो, सिंधुदुर्ग जिल्ह्याला कोणता रंग दिलाय ते महत्त्वाचं. लाल असेल तर सहल रद्द आणि पैसे परत, यावर वाद नाही. नारिंगी असेल तर बस जाते, पण धबधब्याच्या पाण्यात कुणी उतरत नाही, आणि हे बस सुटण्याआधीच सांगितलं जातं. आज पिवळा आहे. म्हणजे पाऊस असणार, वाराही असणार, पण दिवस नीट पार पडेल.

मग पिशवी. प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखरेची पाकिटं, शिट्टी, नायलॉनचा दोर, दोन विजेऱ्या, कोरडे पंचे, लिमलेटच्या गोळ्या, आवळा सुपारी आणि कचऱ्यासाठी गोणपाटाच्या दोन पिशव्या. छत्री मी घेत नाही आणि प्रवाशांनाही घेऊ देत नाही. आंबोलीजवळच्या कावळेसादच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, ती सावरायला माणूस दोन पावलं पुढे जातो, आणि पुढे कडा असतो. रेनकोट घाला, तळाला खाचा असलेले बूट किंवा सँडल घाला, हे आदल्या दिवशीच प्रत्येकाला फोन करून सांगितलेलं असतं.

पहाटे ४.४५

गाडीपाशी ड्रायव्हरमामा माझ्याआधी हजर असतात. वायपरची रबरं, टायरची नक्षी, स्टेपनी, हँडब्रेक, धुक्यातले पिवळे दिवे हे सगळं आम्ही दोघं मिळून बघतो. वायपरची रबरं मामा दर हंगामाच्या सुरुवातीला नवी घालतात. आंबोलीच्या पावसात काच दहा सेकंद पुसली गेली नाही, तर समोरचं वळण दिसत नाही.

पहाटे ५.३०

गाडी सुटते. चाळीस प्रवासी आहेत : दोन मोठी कुटुंबं, एका बँकेतून निवृत्त झालेल्यांचा गट, चार कॉलेजच्या मुली, एक नवं जोडपं आणि नातवाला घेऊन आलेल्या एक आजी. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीट, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना दाराजवळच्या. कुणाला रक्तदाबाची, साखरेची गोळी आहे ते माझ्या वहीत लिहिलेलं असतं.

पहिल्या पाच मिनिटांत मी माइकवर एकच नियम समजावते : जोडीचा. शेजारच्या सीटवरचा माणूस तुमचा जोडीदार. प्रत्येक थांब्यावर गाडी सुटण्याआधी मी डोकी मोजणार नाही, "जोडीदार आला का?" एवढंच विचारणार. चाळीस माणसं मोजताना गडबड होऊ शकते, शेजारची रिकामी सीट मात्र कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. मागून मुली "गणपती बाप्पा मोरया" ओरडतात आणि मी माइक बंद करते. पहाटेच्या गाडीत माणसांना झोप हवी असते, माहिती नको असते.

सकाळी ६.३०

कागल, कोगनोळीचा टोलनाका, निपाणी. इथे थोडा वेळ आपण कर्नाटकात असतो, पाट्यांवर कानडी येतं. निपाणीला हमरस्ता सोडून गाडी पश्चिमेला वळते आणि उत्तूरमार्गे आजऱ्याची वाट धरते. मंडळी हळूहळू जागी होतात. उसाचे फड मागे पडतात, भाताची खाचरं दिसू लागतात, रस्त्याकडेची लाल माती ओली होत जाते.

आता माइक घ्यायची वेळ. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरवर आंबोलीत ७,००० मिलिमीटरच्या वर पडतो. समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे बाष्पाने लदबदलेले असतात. कोकणची सपाटी ओलांडून ते सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, चढताना थंड होतात आणि तिथेच मोकळे होतात. भिंत ओलांडून पूर्वेला येईतो त्यांच्यात फार काही उरत नाही. म्हणून आजऱ्याहून गडहिंग्लजकडे जाल तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. आपण आज उलट दिशेने, कमी पावसाकडून जास्त पावसाकडे निघालोय. खिडकीतून बघत राहिलात तर दर दहा किलोमीटरला फरक कळेल.

बँकेतले एक काका विचारतात, "मग आमच्या नळाला येतं ते पाणी ह्याच डोंगराचं म्हणायचं की!" हो, काका. पंचगंगेच्या सगळ्या उपनद्या याच सह्याद्रीतून येतात.

सकाळी ७.४५

आजरा. उप्पीट, पोहे आणि चहा. आजरा हे जंगलाच्या तोंडाशी वसलेलं बाजाराचं गाव. काजूची झाडं या तालुक्यात आणि शेजारच्या चंदगडात मुबलक, त्यामुळे काजू सोलण्याचे, भाजण्याचे उद्योग इथे मोठे. आणि इथला घनसाळ तांदूळ. जाडीला बेताचा, वासाला गोड. २०१६ साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात विचारून, वास घेऊन मगच घ्या, असं मी सांगते, कारण नावावर दुसरा तांदूळ खपवणारेही असतात. खरेदी परतीच्या वेळी करायची, आत्ता फक्त बघून ठेवायची.

गावापासून जवळच हिरण्यकेशीच्या काठावर रामतीर्थ आहे. रामाचं देऊळ, आणि समोर काळ्या खडकांवरून घसरत जाणारी नदी. वनवासात राम इथे राहिला अशी श्रद्धा आहे. श्रावणात पाणी तांबूस असतं, पात्र भरून वाहतं आणि बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. इथे मी मुद्दाम पाऊण तास देते. कुणी दर्शन घेतं, कुणी पायऱ्यांवर नुसतं बसतं. निघताना एवढंच सांगते, "ही नदी नीट बघून ठेवा. किती रुंद आहे, किती जोरात आहे. दोन तासांनी हिचीच पुन्हा गाठ पडणार आहे."

सकाळी ९.३०

आजरा सोडलं की झाडी दाट होते. या पट्ट्यात रानहत्ती फिरतात. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्ग, चंदगड, आजऱ्याच्या बाजूला आले आणि तेव्हापासून भात, ऊस, केळी आणि हत्ती हा इथल्या शेतकऱ्यांचा रोजचा प्रश्न झाला. प्रवाशांना हत्ती दिसावा असं वाटतं. शेतकऱ्याला तो दिसू नये असं वाटतं. हे दोन्ही मी सांगते.

आंबोलीच्या अलीकडे रस्त्यालगतच नांगरतास. हा धबधबा बाकीच्यांसारखा समोर उभा राहत नाही. पाणी एका अरुंद, खोल घळीत कोसळतं आणि आपण वरून कठड्याला धरून खाली बघतो. कातळ कापत कापत पाण्याने स्वतःची वाट केली आहे. तळ दिसत नाही, तुषार मात्र चेहऱ्यावर येतात. इथे पाण्यात उतरायची सोय नाही आणि तसा विचारही करायचा नाही. वीस मिनिटं पुरेशी होतात. मुली फोटो काढतात. "कठड्याला टेकून पाठमोरं उभं राहायचं नाही" हे वाक्य मी इथे सगळ्यात जास्त वेळा म्हणते.

सकाळी १०.३०

आता हिरण्यकेशी. आंबोलीच्या मुख्य रस्त्यापासून आत वळायचं आणि शेवटचा टप्पा झाडीतून पायी चालायचा. पाऊस पानांवर पडतो आणि पानांवरून आपल्यावर, त्यामुळे तो थांबला तरी झाडाखाली थांबलेला नसतो. अंजन आणि जांभूळ ही इथल्या सदाहरित जंगलातली मुख्य झाडं. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर ऑर्किड. चालताना बोलू नका अशी विनंती करते, आणि बहुतेक वेळा तिचं फळ मिळतं. ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू येते, अगदी माणसाने मजेत घातल्यासारखी. तो शीळकरी कस्तुर. ऐन पावसात ओढ्याकाठी गाणारा हा गडद निळा पक्षी. दिसला नाही तरी चालेल, ऐकला म्हणजे झालं.

मग देऊळ. डोंगराच्या कुशीत गुहा, गुहेच्या तोंडाशी महादेव, आणि गुहेतून येणारं पाणी समोरच्या कुंडात पडतंय. आजी कुंडाजवळ जातात, ओंजळ भरतात आणि माझ्याकडे बघतात. "एवढंच पाणी? सकाळी बघितली ती हीच नदी?"

"व्हय आजी, हीच."

आजी पुन्हा पाण्याकडे बघतात. या क्षणासाठी मी दिवसाची आखणी अशी करते. सकाळी बोलायला आवाज चढवावा लागला ती नदी इथे ओंजळीत मावते. मधल्या वाटेवर प्रत्येक ओढा, प्रत्येक सडा, प्रत्येक झाडाखालची भिजलेली माती तिला पाणी देत गेली. नदी उगमाशी सुरू होते हे खरं, पण ती मोठी होते जंगलामुळे. पडणारा पाऊस जंगल धरून ठेवतं आणि पावसाळा संपल्यावरही महिनोन्महिने थोडा थोडा सोडत राहतं. डोंगर बोडका झाला तर हाच पाऊस दोन दिवसांत माती घेऊन वाहून जाईल आणि फेब्रुवारीत आजऱ्याचं पात्र कोरडं पडेल.

दुसरी गोष्ट या कुंडातल्या माशाची. २०२० साली प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने इथल्या एका छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि तिला नदीचंच नाव दिलं : शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने जैवविविधता कायद्याखाली या मंदिर परिसरातलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. बोटाएवढ्या माशासाठी सरकारने जागा राखून ठेवली याचं मुलांना फार नवल वाटतं. साबण, शाम्पू, हळद-कुंकवाच्या पुड्या, निर्माल्य यातलं काहीही पाण्यात जाणार नाही याची जबाबदारी मी त्या नातवावर सोपवते. तो कुंडाशी उभा राहून मोठ्या माणसांना अडवतो. त्याचं सगळे ऐकतात.

इथून निघालेलं पाणी कुठे जातं? अरबी समुद्र इथून जवळ, पश्चिमेला. पण हिरण्यकेशी पूर्वेला वळते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. दुपारी आपण पाण्यात उतरू तो धबधबा डोंगराच्या दुसऱ्या बाजूला पडतो. त्याचं पाणी कोकणातून अरबी समुद्रात जातं. आंबोलीच्या पठारावर दोन हातांच्या अंतरावर पडलेले दोन थेंब भारताच्या दोन किनाऱ्यांना पोहोचू शकतात.

दुपारी १२.००

गेळे गावच्या हद्दीत कावळेसाद. जांभ्याचा सडा, त्यावर गवत, गवतात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, आणि सडा अचानक संपतो. खाली दरी, समोर कोकण. आज दरी धुक्याने भरलीये. दहा मिनिटं काहीच दिसत नाही, मग वारा येतो, पडदा सरकतो, हिरवा कडा आणि त्यावरून सुटलेल्या पांढऱ्या धारा दिसतात, आणि पुन्हा सगळं झाकलं जातं.

कड्यावरून निघालेली धार खाली पडायच्या आत वर उडते, हे इथलं नवल. वारा कोकणातून येतो, कड्याला आपटतो आणि त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. त्या जोरात पाण्याची बारीक धार उलटी फिरते आणि काठावर उभ्या असलेल्यांच्या अंगावर पावसासारखी येते. सकाळी बसमध्ये सांगितलेली वाऱ्याची आणि भिंतीची गोष्ट इथे प्रत्येकाला अंगावर कळते. बँकेतले काका स्वतःहून दुसऱ्यांना समजावू लागतात. मी गप्प राहते.

नियम एकच, लोखंडी कठड्याच्या अलीकडे राहायचं. कठडा ओलांडून फोटो काढणाऱ्याला मी शिट्टी मारते, आणि तो आमच्या बसमधला नसला तरी मारते. ओला जांभा आणि त्यावरचं शेवाळ यांच्यावर कुणाचाही पाय टिकत नाही, मग तो कितीही तरणाबांड असो.

दुपारी १.१५

जेवण आंबोलीत. श्रावण असल्यामुळे बहुतेकांचं शाकाहारी : तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळ्याची भाजी, भात, वरण, सोलकढी. टाकळा पावसात रस्त्याच्या कडेला उगवतो, विकत आणावा लागत नाही. खानावळीच्या मावशी वाढताना विचारतात, "खंयसून इलात?" आणि कोल्हापूर म्हटल्यावर तिखटाची वाटी आपणहून पुढे ठेवतात.

बाहेर माकडं ताटकळलेली असतात. त्यांना कणीस, वेफर, बिस्किटं द्यायची नाहीत. दिलं की ती रस्त्यावर येतात, रस्त्यावर आली की गाडीखाली सापडतात, आणि हातातली पिशवी ओढायला शिकतात. नातवाला हे पटत नाही. त्याला मी जंगलात त्यांना काय काय मिळतं ते सांगते : जांभळं, कोवळी पानं, किडे. मग त्याला पटतं.

जेवता जेवता गावाची गोष्ट. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावकडे जाणारा रस्ता या घाटातून जायचा आणि इंग्रजांच्या लष्करी छावण्यांचा माल याच वाटेने चढायचा. त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून गाव वाढलं. पुढे सावंतवाडी संस्थानचा पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याने ते थंड हवेचं ठिकाण म्हणून विकसित केलं. महाबळेश्वर, माथेरानइतका गाजावाजा कधी झाला नाही आणि त्यामुळे जंगल बरंच टिकलं.

दुपारी २.१५

आंबोलीचा मुख्य धबधबा. घाटरस्त्यालगतच तो कोसळतो. मामा आम्हाला उतरवून गाडी पुढे रुंद जागी नेतात. घाटात रस्त्यावर गाडी उभी करून ठेवायची नाही. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते, पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागतो आणि सावंतवाडीहून कोल्हापूर-बेळगावच्या दवाखान्याला निघालेली रुग्णवाहिकाही त्यात अडकते. म्हणून आमच्या सहली मधल्या वारी असतात. आणि म्हणूनच मी बसचा आग्रह धरते. चाळीस माणसं मोटारींनी आली तर दहा मोटारी झाल्या. एका बसला जागा एकीची लागते आणि ड्रायव्हर असा असतो ज्याला हा घाट पाठ आहे.

पाण्यात दोन गटांत जायचं, वीस-वीस मिनिटं. बाकीचे पायऱ्यांवर. मी खालच्या बाजूला उभी राहते आणि माझी नजर माणसांपेक्षा पाण्यावर जास्त असते. वर डोंगरात जोराची सर आली तर इथे ऊन असतानाही पाणी वाढू शकतं. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत : पांढरं पाणी तांबूस होतं, त्यात पानं आणि काटक्या येऊ लागतात, आवाज जड होतो. यातली एक जरी दिसली की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की "एकच मिनिट" म्हणायचं नाही, बाहेर यायचं. आज पाणी स्वच्छ आहे. चाळिशीचे लोक लहान मुलांसारखे ओरडतात, नवं जोडपं हातात हात धरून धारेखाली उभं राहतं, आजी साडीचा काठ वर खोचून पायरीवर बसतात आणि दोन्ही पाय पाण्यात सोडतात. या आनंदासाठीच सगळे आले होते आणि तो त्यांना पुरेपूर मिळतो.

निघताना पाच मिनिटं कचऱ्याची. आपला, आणि हाताशी आलेला दुसऱ्यांचाही. बाटल्या, वेफरची पाकिटं, एक फाटका रेनकोट. एक गोणपाट भरतं.

दुपारी ३.१५

घाट उतरायला सुरुवात. लिमलेटच्या गोळ्या फिरतात. मामा चढताना जो गियर तोच उतरताना, या जुन्या नियमाने गाडी खालच्या गियरवर आणतात आणि ब्रेकवर भार देत नाहीत. घाटाखाली दाणोली, साटम महाराजांची समाधी. गुरुवार असल्याने बरेच जण उतरून नमस्कार करतात. हवा बदललेली असते. वर स्वेटर हवासा वाटत होता, इथे घाम येतो. माड, सुपारी, कौलारू घरं. आपण कोकणात आलो.

दुपारी ४.००

सावंतवाडी. मध्यभागी मोती तलाव, त्याच्या काठी राजवाडा. या गावात जंगल नजरेला पडत नाही, हाताला लागतं. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं बनतात. पूर्वापार पांगाऱ्याचं लाकूड वापरलं जातं, कारण ते हलकं, मऊ आणि कोरायला सोपं. राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर काम करताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाचा संच १२० गोल पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं. ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून ती जिवंत ठेवली.

सव्वा तास मोकळा. मी कुठलंही दुकान सुचवत नाही आणि कुठल्याही दुकानाकडून पैसे घेत नाही. ज्या दिवशी मार्गदर्शक दलाल होतो, त्या दिवसापासून त्याच्या धबधब्याच्या सूचनाही लोक ऐकेनासे होतात.

सायंकाळी ५.१५

परत. अंधारापूर्वी घाट चढून वर पोहोचायचंच, ही मामांची अट आणि माझीही. कारण धुकं. आणि दुसरं कारण रस्त्यावरचे जीव. अंधार पडला की आंबोलीच्या रस्त्यांवर बेडूक, साप, खेकडे बाहेर येतात. त्यांत आंबोली टोड नावाचा एक छोटा भेक आहे. २००९ साली विज्ञानाला त्याची ओळख झाली, आणि नष्ट होण्याचा सर्वाधिक धोका असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. आंबोली परिसराबाहेर त्याला दुसरं घर नाही. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, आणि त्याला असलेल्या धोक्यांपैकी एक म्हणजे गाडीची चाकं. याच डोंगररांगेतलं ५६.९२ चौरस किलोमीटरचं क्षेत्र आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, पण रस्ता राखीव होत नाही. तिथे ड्रायव्हरचा पायच कामाला येतो. मामा वरच्या टप्प्यावर वेग तीसच्या वर नेत नाहीत.

सायंकाळी ७.३०

आजऱ्यात चहा आणि तांदळाची खरेदी. इथून पुढे मी माइक प्रवाशांच्या हाती देते. आज दिवसात काय आवडलं ते एका वाक्यात सांगायचं. बरेच जण धबधबा म्हणतात. काही कावळेसाद म्हणतात. आजी म्हणतात, "मला ती गुहेतली नदी." नातू माशाबद्दल बोलतो आणि दोन मिनिटं थांबत नाही.

रात्री ९.४५

कोल्हापूर. प्रत्येक सीटखाली विजेरी मारून बघायचं : एक चष्मा, एक बाळाचं टोपरं, डब्याचं झाकण. फोन करून ज्याचं त्याला. कचऱ्याचं गोणपाट महापालिकेच्या गाडीसाठी वेगळं ठेवायचं. मामा गाडी धुवायला नेतात.

रात्री १०.३०

घरी आल्यावर वहीत नोंद : कुठे किती वेळ लागला, पाणी कसं होतं, धुकं किती वाजता उतरलं, कुठल्या पायरीचा दगड हललाय. आजची खास नोंद अशी की हिरण्यकेशीला दहा मिनिटं कमी पडली. पुढच्या वेळी ती सावंतवाडीतून काढायची.

वाचकांना एवढंच सांगायचंय. पावसाळ्यात आंबोलीला जरूर या, पण मधल्या वारी या, शक्य असेल तर बसने या आणि अंधारापूर्वी घाट सोडा. माकडांना खायला देऊ नका, नेलेला कचरा परत आणा, आणि पाणी तांबूस दिसलं की बाहेर या. आणि धबधब्यापाशी जाण्याआधी तासभर हिरण्यकेशीच्या उगमाशी थांबा. हे जंगल टिकलं तरच तिथली ओंजळभर नदी आजऱ्यापर्यंत पात्र भरून पोहोचेल.